फाँट सांभाळताना

मराठीत संगणकावर लिहिणाऱ्या बहुतेकांची फाँटशी पहिली ओळख होते ती काहीतरी बिघडल्यावर. घरी नीट दिसणारी फाइल झेरॉक्सच्या दुकानात उघडली की चार पानांचा मजकूर पाच पानांवर गेलेला असतो, तक्ता मोडलेला असतो, मथळ्याचा ठळकपणा उडालेला असतो. कधी त्याहून वाईट घडते आणि पानभर रोमन अक्षरे, कंस, टक्क्याची आणि डॉलरची चिन्हे यांची गर्दी दिसते. दुकानदार विचारतो, "फाँट कुठला आहे?" समोरचा म्हणतो, "मराठी." त्याच्या परीने ते उत्तर बरोबरच असते, कारण याहून अधिक त्याला कुणी कधी सांगितलेलेच नसते. टायपिंगच्या वर्गात बोटे कुठे ठेवायची ते शिकवतात. संगणकाच्या वर्गात अक्षर ठळक आणि तिरके कसे करायचे ते शिकवतात. फाँट म्हणजे काय, तो फाइलमध्ये असतो की संगणकात, दोन फाँटांत फरक नेमका कशाचा असतो आणि शंभर पानांचा फाँट मिनिटभरात कसा बदलायचा, हे मात्र कुठल्याच वर्गात येत नाही. हे पुस्तक नेमकी ती उणीव भरून काढते, म्हणून त्याला प्रस्तावना लिहायला मी आनंदाने तयार झालो.

विषय वरवर लहान वाटतो. फाँटची यादी उघडायची, नाव निवडायचे, आकडा निवडायचा. त्यावर पुस्तक कशाला, असे कुणी विचारील. पण त्या यादीमागे तीन निरनिराळ्या गोष्टी असतात, आणि त्या तिन्ही एकच आहेत असे धरून चालण्यातून आपले जवळजवळ सगळे त्रास निघतात. पहिली गोष्ट मजकूर: कोणते अक्षर, कोणती मात्रा, कोणत्या क्रमाने. संगणक हे सांकेतिक क्रमांकांत साठवतो. दुसरी गोष्ट फाँट: त्या क्रमांकांना पडद्यावर आणि कागदावर रूप देणारी, संगणकात बसवलेली वेगळी फाइल. तिसरी गोष्ट निर्णय: या मजकुरातले मथळे कोणते, टिपा कोणत्या, आणि त्या प्रत्येकाने कसे दिसावे. या तीन गोष्टी ज्याने मनात वेगळ्या केल्या त्याला बाकीचे सारे थोड्या सरावाने जमते. ज्याने केल्या नाहीत तो वर्षानुवर्षे काम करूनही प्रत्येक फाइलशी नव्याने झगडतो. मराठीने या गोंधळाची किंमत इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त मोजली आहे. ती का, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

खिळ्यांच्या छपाईत मजकूर आणि रूप वेगळे करण्याचा प्रश्नच नव्हता. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण बंगालमधल्या श्रीरामपूरला १८०५ मध्ये छापले गेले. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढले. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला आणि त्यांच्या खिळ्यांनी मराठी-संस्कृत पानाला जे वळण दिले, त्याची जाणकार आजही आठवण काढतात. जुळाऱ्यासमोरच्या केसेसमध्ये शेकडो खण असत, कारण अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, वेलांट्या, रफार या सगळ्यांना स्वतंत्र खिळे लागत. लिपी यंत्राला झेपावी म्हणून खिळ्यांची संख्या कमी करण्याचे प्रयत्न टिळकांनी केले, सावरकरांनी 'अ'ची बाराखडी पुढे आणली. बापूराव नाईक यांचा 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' हा ग्रंथ भाषा संचालनालयाने १९७१ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध केला. त्या काळाचा खरा आवाका ज्यांना पाहायचा आहे त्यांनी तो जरूर चाळावा.

टंकलेखन यंत्राने अडचण आणखी वाढवली. नव्वदच्या आसपास जागांत अख्खी देवनागरी बसवायची होती. मग अक्षरांचे तुकडे पडले. अर्धा श आणि पुढे दंड म्हणजे श. अर्धा ण आणि पुढे दंड म्हणजे ण. ज्यांनी रेमिंग्टन किंवा गोदरेजच्या यंत्रावर मराठी टायपिंग केले त्यांच्या बोटांत हे तुकडे अजून आहेत. पुढे हेच तुकडे जसेच्या तसे संगणकात शिरले, आणि आपल्या आजच्या अडचणींचे मूळ तिथे आहे.

पडद्यावर दिसते तसेच कागदावर उमटावे ही कल्पना अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात १९७४ साली 'ब्राव्हो' या प्रणालीत प्रत्यक्षात आली. १९८४ च्या मॅकिंटॉशने फाँटची यादी सामान्य माणसाच्या हाती दिली. १९९१ मध्ये ट्रूटाइप आले, १९९२ मध्ये विंडोज ३.१ मधून ते घरोघरी पोचले. आता कुणीही बनवलेला फाँट कुणाच्याही संगणकावर बसवता येऊ लागला. त्या फाँटमध्ये २५६ जागा असत आणि त्यातल्या काही संगणकाच्या स्वतःच्या कामासाठी राखून ठेवलेल्या असत. मराठी फाँट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच होते, माणसाला मात्र पडद्यावर मराठी दिसे. कोणता तुकडा कोणत्या जागी, हे ज्याचे त्याने ठरवले. श्री-लिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी, किरण, सी-डॅकचे योगेश आणि सुरेख: एका घराण्याचा नकाशा दुसऱ्याशी जुळत नव्हता.

या फाँटांना नावे ठेवणे आज सोपे आहे. मला ते अन्यायाचे वाटते. ते नसते तर १९९० च्या दशकातली मराठी वर्तमानपत्रे, दिवाळी अंक, लग्नपत्रिका आणि संमेलनांच्या स्मरणिका संगणकावर आल्याच नसत्या. पुस्तकाच्या श्रेयपानावर 'अक्षरजुळणी' या शब्दापुढे ज्यांची नावे असतात, त्यांनी पेजमेकर आणि कोरलड्रॉ यांच्याशी झुंजून, शेकडो चिन्हांचे कळक्रम पाठ करून ही पाने उभी केली. त्यातली कितीतरी नावे घरच्या एका खोलीत बसून काम करणाऱ्या बायकांची आहेत. त्यांच्या हातचे ते पान आजही सुबक दिसते. अडचण दिसण्याची नाहीच, त्या पानाखाली साठवले काय गेले, याची आहे.

त्याच काळात दुसरी वाटही आखली जात होती. १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट कळफलक ठरला. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकच्या जिस्ट गटाने भारतीय लिप्यांचे काम पुढे नेले, आणि १९९१ मध्ये इस्की हे सांकेतिक मानक भारतीय मानक ब्यूरोने प्रसिद्ध केले. त्यात तुकड्यांना क्रमांक नव्हते, अक्षरांना होते. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यात देवनागरीला १२८ जागांचा पट्टा मिळाला आणि त्याची रचना इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली होती. पुढे विंडोज २००० मध्ये देवनागरी थेट प्रणालीतच आली, सोबत मंगल हा फाँट आला. तो रेखाटला होता र. कृ. जोशी यांनी. मराठीतले कवी, सुलेखनकार आणि मुंबईच्या आयआयटीत अक्षरकला शिकवणारे हे गृहस्थ. जगभरच्या संगणकांवर देवनागरीचे पहिले दर्शन लाखो लोकांना त्यांच्या रेषेतून झाले, ही गोष्ट आपल्याकडे व्हायला हवी तेवढी माहीत नाही.

या दोन वाटांतला फरक शब्दात शिरून पाहिला की लख्ख होतो. 'किल्ला' घ्या. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये तो दिसतो तसा, डावीकडून उजवीकडे साठवला जातो: आधी पहिली वेलांटी, मग क, मग अर्धा ल, मग पूर्ण ल, शेवटी काना. शिवाय या प्रत्येकाच्या जागी संगणकाने नोंदवलेले असते भलतेच काही, एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह. युनिकोडमध्ये तोच शब्द उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो: क, वेलांटी, ल, हलन्त, ल, काना. वेलांटी क च्या अलीकडे नेणे, ल आणि हलन्त यांचा अर्धा ल करणे, ही कामे फाँट आणि संगणकातली मांडणीची यंत्रणा मिळून ऐनवेळी करतात. म्हणून युनिकोडमधला 'किल्ला' मंगलमध्ये असो, मुक्तमध्ये असो की नोटोमध्ये, तो किल्लाच राहतो. जुन्या फाँटमधल्या 'किल्ल्या'ला दुसऱ्या घराण्याचा फाँट दिला की त्याचा चुरा होतो.

यातून एक गोष्ट निघते जी या पुस्तकात पुन्हा पुन्हा येईल आणि यायलाच हवी. फाँट बदलणे आणि मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत. लोक जुनी फाइल उघडतात, सगळा मजकूर निवडतात, यादीतून मंगल निवडतात आणि समोर रोमन अक्षरे उमटली की फाइल खराब झाली असे समजून ती काढून टाकतात. फाइल खराब झालेली नसते. आत जे पहिल्यापासून साठवलेले होते तेच उघडे पडलेले असते, आणि योग्य रूपांतरक चालवला तर त्यातून मराठी परत मिळते. काही संस्थांच्या कपाटांत आणि जुन्या सीडींवर अशा फाइली पडून आहेत: गावांचे इतिहास, कुलवृत्तान्त, शाळांच्या शताब्दी स्मरणिका, बंद पडलेल्या मासिकांचे अंक. त्या वाचवायच्या असतील तर मूळ फाँटचे नाव माहीत असणे ही पहिली अट आहे. रूपांतरकही डोळे मिटून वापरण्याची चीज नव्हे. मजकुरात मध्येच खरोखरचा इंग्रजी शब्द असेल तर रूपांतरक त्यालाही मराठी समजतो आणि त्याचे निरर्थक देवनागरी करून ठेवतो. रफार पुढच्या अक्षरावर जातो, वेलांटी सुटी पडते. रूपांतरानंतर एकदा शांतपणे वाचून काढण्याला पर्याय नाही.

आता वर्ड प्रोसेसरच्या आत येऊ. इथे काम करण्याच्या तीन रीती आहेत आणि त्या तिन्हींचे कट्टर अनुयायी मला भेटले आहेत. पहिली रीत हाताची: मजकूर निवडायचा, फाँट द्यायचा, आकार द्यायचा, ठळक करायचे, पुढच्या मथळ्याला पुन्हा सगळे तेच. अर्ज, नोटीस, एका पानाचे पत्र यांना ही रीत पुरते आणि तिच्यात काही चूक नाही. दुसरी रीत स्टाइलची: या ओळीला 'मथळा' म्हणायचे, या परिच्छेदाला 'मुख्य मजकूर' म्हणायचे, आणि मथळा कसा दिसावा हे एकाच ठिकाणी ठरवायचे. मग तो निर्णय बदलला की चाळीस मथळे एकदम बदलतात. तिसरी रीत खुणांची. डोनाल्ड क्नूथ यांनी १९७८ मध्ये आणलेल्या टेक् या प्रणालीत लेखक साध्या मजकुरात खुणा घालतो आणि पान संगणक लावतो. गणिताच्या आणि संस्कृतच्या अभ्यासकांत तिचा आजही मोठा मान आहे, आणि झीटेक् आल्यापासून ती युनिकोड देवनागरीतही उत्तम चालते. पण रोजच्या कामासाठी ती शिकण्याचा खर्च बहुतेकांना परवडणारा नाही. माझा कौल ठामपणे दुसऱ्या रीतीला आहे आणि हे पुस्तकही त्याच बाजूचे आहे. शिक्षक, कारकून, संपादक, प्रबंध लिहिणारा विद्यार्थी, घराण्याचा इतिहास लिहायला बसलेले आजोबा, यांपैकी प्रत्येकाचे काम चार-पाच स्टाइलींत भागते.

मराठीला इथे एक जास्तीचा फेरा आहे आणि तो ठाऊक नसल्यामुळे स्टाइल वापरणारेही हैराण होतात. वर्डमध्ये फाँटची चौकट उघडली की तिच्यात दोन कप्पे दिसतात: एक रोमन मजकुरासाठी, दुसरा 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' या नावाखाली. देवनागरी या दुसऱ्या कप्प्यात येते. दोन्ही कप्प्यांचा फाँट वेगळा, आकार वेगळा, ठळकपणाही वेगळा. मथळा १२ वरून १८ केला तरी मराठी अक्षर ढिम्म हलत नाही, कारण १८ हा आकडा रोमन कप्प्यात पडलेला असतो. लिब्रेऑफिसमध्ये हाच कप्पा 'सीटीएल' म्हणून येतो आणि तो दिसण्यासाठी भाषेच्या सेटिंगमध्ये त्याला आधी परवानगी द्यावी लागते. एकदा हे कळले की ही अडचण न राहता सोय होते: मराठी १३ आणि त्यातल्या इंग्रजी शब्दांना ११, असे एकाच स्टाइलमध्ये ठरवता येते. त्याची गरजही असते, कारण एकाच आकड्याला देवनागरी अक्षर रोमनशेजारी बहुधा लहान दिसते.

फाँटचे नाव आणि समोर दिसणारे अक्षर यांतही फरक पडू शकतो. वर्डने २००७ पासून कॅलिब्री आणि २०२३ पासून ॲप्टोस हा आपला नेहमीचा फाँट ठरवला; कॅलिब्रीत देवनागरी नाही. ज्या फाँटमध्ये देवनागरी नाही तो मराठी मजकुराला दिला, तर संगणक गुपचूप दुसऱ्या एखाद्या फाँटमधून अक्षरे आणतो. नाव एकाचे, अक्षर दुसऱ्याचे. दुसऱ्या संगणकावर तो तिसऱ्याच फाँटमधून आणतो आणि ओळी सरकतात. विंडोज १० पासून मंगल, कोकिला, उत्साह, अपराजिता हे फाँट मूळ प्रणालीत न येता देवनागरीच्या पूरक संचात गेले. निर्मला तेवढा जागेवर राहिला. म्हणून घरी मंगलमध्ये केलेले पान नव्या संगणकावर वेगळे दिसू शकते. त्यावर उपाय आहेत: फाँट फाइलमध्येच अंतर्भूत करणे, छापण्यापुरते पीडीएफ करून देणे, किंवा दोन्हीकडे मोकळ्या परवान्याचा तोच फाँट बसवणे. पीडीएफबद्दल एक सावधगिरी हवी. ते रूप जपते, मजकूर जपेलच असे नाही. मराठी पीडीएफमधून परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवला की मात्रा आणि जोडाक्षरे विस्कटण्याचा अनुभव अनेकांना असेल. मूळ फाइल जवळ ठेवणे म्हणूनच गरजेचे.

मोकळ्या परवान्याच्या फाँटांबद्दल दोन शब्द अधिक लिहितो, कारण गेल्या दशकात मराठी माणसाच्या हाती खरा खजिना आला आहे आणि तो पुष्कळांनी उघडूनही पाहिलेला नाही. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त सात वजनांत मिळतो. गूगलचा नोटो आहे, मुंबईच्या आयआयटीतून आलेला शोभिका आहे, राज्य मराठी विकास संस्थेने उपलब्ध केलेले यशोमुद्रा आणि यशोवेणू आहेत. तिरो देवनागरीची तर मराठीसाठी स्वतंत्र आवृत्ती आहे. पूर्वी चोरून वाटलेल्या फाँटांवर चालणारी कामे आता कायदेशीरपणे आणि फुकट होऊ शकतात.

खजिना हाती आला म्हणून सगळे फाँट एका पानावर वापरायचे नाहीत, हेही तितकेच खरे. यादी लांबली की निवडायला वेळ जातो आणि फाइल ज्याच्याकडे जाते त्याच्याकडे त्यातले निम्मे फाँट नसतात. एका मजकुराला दोन फाँट पुरतात. पुष्कळदा एकच पुरतो, त्याची हलकी-जाड वजने असतील तर. वजने खरी असली पाहिजेत. फाँटच्या कुटुंबात ठळक रूप नसेल तर वर्ड प्रोसेसर स्वतःच रेषा फुगवतो, 'घ' आणि 'ध' यांच्यातली मोकळी जागा बुजते आणि लहान आकारात दोन्ही सारखे दिसू लागतात. तिरक्या अक्षरांचेही तसेच. देवनागरीत त्यांची परंपरा नाही, संगणक उभे अक्षर नुसते कलते करतो. ग्रंथनामाला एकेरी अवतरणचिन्ह असताना इंग्रजीची ही उसनवारी कशासाठी? आणि ओळींमधले अंतर. मराठीत अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. अंतर 'एक्झॅक्टली' म्हणून घट्ट बांधून टाकले की 'कीर्तीं'मधले अनुस्वार छाटले जातात. जागा वाचवायची तर आकार कमी करावा, ओळींचा गळा आवळू नये.

अक्षराच्या रूपाबद्दल मराठीचा आग्रह स्वतःचा आहे. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमाला अद्ययावत केली आणि पाकळीचा ल व देठाचा श मराठीसाठी मान्य ठरवले. फाँट बहुधा हिंदी वळणाचे असतात. पण चांगल्या ओपनटाइप फाँटमध्ये दोन्ही रूपे असतात, आणि लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा 'मराठी' ठरवली की मराठी वळण आपोआप येते. 'हिंदी' ठेवली तर येत नाही. भाषा ठरवणे ही शुद्धलेखन तपासण्यापुरती बाब नाही, ती रूपाचीही आहे. हे जाणणारे फार थोडे.

रूपापेक्षा नाजूक प्रश्न साठवणीचा. 'वऱ्हाड' हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि ह, किंवा साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. एकाचा शोध घेतला तर दुसरा सापडतोच असे नाही. 'ॲ'चेही तेच. या अक्षराला स्वतःची जागा २००८ मध्ये युनिकोड ५.१ मध्ये मिळाली, त्याआधी ते 'अ'वर चंद्र देऊन लिहीत आणि काही कळफलक आजही तसेच लिहितात. दहा लेखकांचे दहा लेख एकत्र करणाऱ्या संपादकाने फाँट एक करण्याआधी या गोष्टी एक कराव्यात. शोधा-आणि-बदला ही साधी सोय त्याला पुरते.

हे सगळे आत्ताच का महत्त्वाचे? कारण मजकूर आता एका यंत्रात राहत नाही. लेखक फोनवर लिहितो, व्हॉट्सॲपवर पाठवतो, संपादक संगणकावर उघडतो, वाचक पुन्हा फोनवर वाचतो. या प्रवासात फाँट प्रत्येक टप्प्याला बदलतो आणि मजकूर तेवढा पुढे जातो. दृष्टिहीन वाचकाचे वाचनसाधन फाँट पाहत नाही, क्रमांक वाचते. जुन्या फाँटमधले परिपत्रक त्याच्यासमोर निरर्थक इंग्रजी बडबडते. शोधयंत्र, अनुवादयंत्र, बोलून दाखवणारे यंत्र या सगळ्यांचे तसेच. जी मराठी जुन्या फाँटमध्ये अडकली आहे ती या यंत्रांच्या लेखी मराठीच नाही. केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी २००९ मध्येच युनिकोड हे मानक जाहीर केले, तरी सरकारी, सहकारी आणि शैक्षणिक कार्यालयांत जुने फाँट अजून सुखेनैव नांदताना दिसतात. याचे मला मनापासून दुःख आहे. त्या टेबलांवरच्या माणसांना हे नीट समजावून सांगणारे पुस्तक मराठीत हवे होते.

प्रस्तुत पुस्तकाने काय करायचे आणि काय सोडायचे हे नीट ठरवले आहे. ते फाँट बनवायला शिकवत नाही, पुस्तकाची व्यावसायिक मांडणी शिकवत नाही. वर्ड, लिब्रेऑफिस रायटर आणि गूगल डॉक्स या तीन साध्या साधनांत मराठी मजकूर कसा लिहावा, त्याचे रूप एकाच ठिकाणाहून कसे ठरवावे, फाँट कसे बसवावेत, नको असलेले कसे काढावेत आणि फाइल दुसऱ्याच्या हाती कशी सुखरूप पोचवावी, एवढ्याच कक्षेत ते राहते. १९९५ पासून विंडोजसोबत येणारे वर्डपॅड २०२४ मधल्या विंडोज ११ च्या आवृत्तीतून काढून टाकण्यात आले, त्यामुळे त्यावर विसंबलेल्यांनाही आता या तिघांपैकी एकाकडे वळावे लागणार आहे. कळफलकाच्या वादात लेखिकेने पक्ष घेतलेला नाही. इन्स्क्रिप्ट, टंकलेखनाची जुनी बैठक आणि उच्चारानुसारी लेखन या तिन्हींतून शेवटी युनिकोडच उमटणार असेल तर बोटांच्या सवयी मोडू नयेत, ही त्यांची भूमिका मला पटते. मी स्वतः इन्स्क्रिप्टचा पुरस्कर्ता असूनही.

एका बाबतीत माझे मत त्यांच्याहून कडक आहे. जुन्या फाइलींच्या रूपांतराला त्यांनी 'सवडीने करावे' अशा कामांत ठेवले आहे. माझ्या मते ते सगळ्यात आधी करावे. जुना फाँट ज्या संगणकावर होता तो संगणक कधीही भंगारात जाऊ शकतो, आणि फाइल कुठल्या फाँटमध्ये आहे हे सांगणारा माणूस निवृत्त झालेला असतो. मूळ फाँटची फाइल मजकुराच्या शेजारीच एका फोल्डरमध्ये जपून ठेवा, फाँटचे नाव फाइलच्या नावात लिहा, मग रूपांतराला बसा.

वाचकाने हे पुस्तक पहिल्या पानापासूनच वाचले पाहिजे असे नाही. समोर बिघडलेली फाइल असेल त्याने जुन्या फाँटांच्या प्रकरणाकडे सरळ जावे. प्रबंध किंवा पुस्तक लिहायला घेतले असेल त्याने स्टाइलचे प्रकरण आधी वाचून मगच पहिली ओळ टाइप करावी, कारण दोनशे पाने झाल्यावर स्टाइली लावणे हे कंटाळवाणे काम आहे. शाळेतल्या आणि कार्यालयातल्या मंडळींनी चार स्टाइलींचा एक साचा करून सगळ्यांच्या संगणकांवर ठेवावा. त्याची कृती पुस्तकात आहे. आणि कुठलाही प्रयोग मूळ फाइलवर न करता तिच्या प्रतीवर करावा. स्वतःचीच एखादी जुनी फाइल घ्यावी, तिची प्रत काढावी आणि पुस्तक शेजारी उघडे ठेवून कामाला लागावे.